हलका प्रॉपलर शाफ्ट: वजन वाचतं, पण वेळ वाचतो का?

मागच्या चाकांवर पळणाऱ्या स्पोर्ट्स कार नाशिकमध्ये फार नाहीत. एखाद-दुसरी मस्टँग, काही बीएमडब्ल्यू, बस. पण रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला या गाड्या जमल्या की गप्पा हमखास एका प्रश्नावर येतात. कंपनीचा स्टीलचा शाफ्ट काढून ॲल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा टाकला, तर फरक पडतो का? विकणारे सांगतात की पिकअप वाढतो, डायनोवर (ताकद मोजायच्या मशिनवर) दहा-बारा हॉर्सपॉवर जास्त दिसते, गाडी मोकळी वाटते. बाहेरून मागवायचा तर भाडं आणि कस्टम ड्युटी धरून ॲल्युमिनियमचा शाफ्टच लाखाच्या घरात जातो, कार्बनचा त्याच्याही बराच पुढे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गाडी रस्त्यावर चालवायची असेल आणि मूळ शाफ्ट धडधाकट असेल, तर निव्वळ वजन कमी करायला हे पैसे घालू नका. शाफ्ट बदलायची दुसरी, जास्त पटणारी कारणं आहेत, पण जाहिरातीत ती सहसा शेवटच्या ओळीत असतात.

शाफ्ट म्हणजे नेमका कुठला, हे आधी पाहू. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशा गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीपर्यंत) ताकद नेणारी लांब नळी असते. गॅरेजमध्ये तिला प्रॉपलर शाफ्टच म्हणतात. स्कॉर्पिओ, बोलेरो किंवा आपल्याच नाशिकच्या महिंद्राच्या प्लांटमधून निघणारी थार लिफ्टवर चढवली की ती लगेच दिसते. पोलो किंवा आय२० एन लाइनसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ही नळी नसतेच. तिथे ड्राइव्हशाफ्ट म्हणजे चाकापर्यंत जाणारे दोन छोटे एक्सल, आणि त्यांत वाचवण्याजोगं वजनही नसतं. पोर्शे ९११ मध्ये इंजिनच मागे असल्यामुळे मागच्या चाकांसाठी लांब शाफ्ट लागत नाही. तेव्हा हा लेख पुढे इंजिन आणि मागे ड्राइव्ह असलेल्या गाड्यांपुरता.

एक किलो म्हणजे नक्की किती किलो?

फिरणारं वजन कमी केलं की दुप्पट-तिप्पट फायदा होतो, असं सगळे म्हणतात. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. वस्तू फिरवायला किती जोर लागतो हे तिच्या वजनावर तर ठरतंच, पण ते वजन आसापासून किती लांब आहे यावर त्याहून जास्त ठरतं, कारण अंतराचा वर्ग होतो. अंतर निम्मं झालं की परिणाम चौथाईवर येतो. आणि चाक-टायरच्या मानाने प्रॉपलर शाफ्टची नळी फारच बारीक असते.

एक गाडी धरू. चालकासकट १,५०० किलो, टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे ३.७ फेरे. नळीची त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर. आता शाफ्टच्या कडेवरचा एक किलो किती वेगाने फिरतो ते पाहा: ३.७ गुणिले ३.५, म्हणजे साधारण १३. टायरच्या ३१ शी तुलना केली तर तो गाडीच्या वेगाच्या ०.४२ पट वेगाने गोल फिरतोय. याचा वर्ग होतो ०.१७. म्हणजे शाफ्टमधला एक किलो गाडीला १.१७ किलोसारखा जाणवतो. दुप्पट-तिप्पट राहिलं बाजूला, फिरण्यामुळे वाढलेलं ओझं सतरा टक्के.

हेच गणित दुसरीकडे लावा. १८ इंची अलॉय व्हीलच्या कडेवरचा एक किलो १.५५ किलोसारखा वागतो, टायरच्या रबरातला जवळपास दोन किलोसारखा. आणि फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चकतीची, गोष्टच वेगळी. तो गिअरबॉक्सच्या आधी बसतो, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये (गुणोत्तर ३.६ धरू) चाकाच्या एका फेऱ्यात त्याचे तेरापेक्षा जास्त फेरे होतात. आसापासून १२ सेंटिमीटरवरचा एक किलो तिथे सुमारे २७ किलोसारखा वागतो. फ्लायव्हीलच्या कडेवरून तीन किलो उतरवले तर पहिल्या गिअरमध्ये गाडीतून ८० किलो उतरवल्यासारखं वाटतं. गिअर वाढत जाईल तसा हा फायदा झपाट्याने घटतो, थेट गिअरला (जिथे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात) एका किलोचे जेमतेम तीन किलो उरतात. शाफ्ट मात्र गिअरबॉक्सच्या नंतर असल्यामुळे पहिला गिअर असो की सहावा, त्याचं १.१७ ते १.१७ च. स्पोर्ट्स कारवाल्यांनी एकमेकांना सांगितलेले 'फिरत्या वजनाचे' किस्से बहुतेक फ्लायव्हीलचे असतात. ते नकळत शाफ्टच्या खात्यात जमा होतात.

(हलक्या फ्लायव्हीलचा तोटाही याच गणितातून येतो. कॉलेज रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये क्लच सोडताना गाडी सारखी बंद पडते. पण तो वेगळा विषय.)

आता शाफ्टचा हिशोब पूर्ण करू. मोठ्या स्पोर्ट्स कारचा दोन तुकड्यांचा स्टीलचा शाफ्ट मधल्या बेअरिंगसकट १६ किलोचा धरू आणि त्याच्या जागी येणारा ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट ९ किलोचा. वाचले ७ किलो. फिरण्याचा फायदा सढळ हाताने धरला तरी एकूण ८ किलो. १,५०० किलोच्या गाडीत हे अर्धा टक्का झालं. शून्य ते शंभर सहा सेकंदांत गाठणारी गाडी फार तर सेकंदाचे तीन शतांश आधी पोचेल. तेवढंच वजन पेट्रोलच्या ११ लिटरचं असतं. टाकी अर्धी ठेवून निघालात तर शाफ्टपेक्षा जास्त वजन फुकटात उतरतं.

सढळ हाताने असं म्हटलं त्याला कारण आहे. ॲल्युमिनियमचा शाफ्ट सहसा स्टीलच्याच व्यासाचा नसतो. धातू कमी ताकदीचा, म्हणून नळी मोठी करावी लागते, सात-साडेसातऐवजी दहा सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे वजन कमी झालं, पण उरलेलं वजन आसापासून लांब गेलं. आणि अंतराचा तर वर्ग होतो. नऊ किलो साडेचार सेंटिमीटरवर ठेवा आणि सोळा किलो साडेतीनवर: दोन्हीची फिरण्याची जडता जवळपास सारखीच येते. जाहिरातीत ज्या 'रोटेशनल मास'चा डंका असतो, तो भाग कित्येकदा शून्याच्या आसपास असतो. खरा वाचतो तो नुसता वजनकाट्यावरचा आकडा.

मग डायनोवर दिसणाऱ्या दहा-बारा हॉर्सपॉवरचं काय? तेही मोजता येतं. डायनोवर थेट गिअरमध्ये इंजिन २,५०० पासून ७,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्यांपर्यंत) आठ सेकंदांत नेलं, तर त्या अख्ख्या १६ किलोच्या शाफ्टला वेग द्यायला शेवटी लागणारी ताकद साधारण सव्वा हॉर्सपॉवर भरते. अख्ख्या शाफ्टला. तो हवेत विरघळवून टाकला तरी त्याहून जास्त परत मिळणार नाही, आणि निम्मा हलका केला तर मिळेल अर्धा हॉर्सपॉवर. सांधे आणि बेअरिंगमधलं घर्षण थोडं वाचेल, पण तेही दहाच्या जवळ जात नाही. ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीत एक टक्क्याचा फरक म्हणजे तीन हॉर्सपॉवर, आणि टायरची हवा, इंजिनचं तापमान, डायनोवर गाडी धरून ठेवणारा पट्टा किती घट्ट बांधला एवढ्यानेही आकडा तेवढा इकडे-तिकडे होतो. सकाळी गार हवेत एक रन, दुपारी उन्हात दुसरा, आणि मध्ये शाफ्ट बदलला, तर तुम्ही शाफ्ट मोजलात की हवामान, हे सांगता येत नाही.

शाफ्टचा खरा शत्रू: थरथर

कंपनीने दोन तुकड्यांचा जड शाफ्ट का दिला असेल? पैसे वाचवायला, असं उत्तर लगेच येतं. पण दोन तुकडे, जादा सांधा, मधलं बेअरिंग, त्याचं रबर, ब्रॅकेट हे सगळं एका साध्या नळीपेक्षा महाग पडतं. कंपनी ते करते, कारण लांब नळी वेगाने फिरवली की एका ठराविक आरपीएमला ती धनुष्यासारखी वाकायला लागते. या आरपीएमला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिथे गाठ पडली की आधी गाडीभर थरथर, आणि तसंच दामटलं तर नळी वाकून तुटते.

हा क्रिटिकल स्पीड नळीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी केली की तो चौपट होतो. म्हणून दोन तुकडे. व्यास वाढवला की त्या प्रमाणात तोही वाढतो. आणि धातूचं काय? इथे एक गंमत आहे. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे तिप्पट जड आहे आणि सुमारे तिप्पटच ताठ आहे. भागाकार केला की दोन्ही सारखे येतात. म्हणजे त्याच लांबीची आणि त्याच व्यासाची नळी स्टीलची असो की ॲल्युमिनियमची, थरथरायला लागते त्याच वेगाला. ॲल्युमिनियमला फायदा मिळतो तो केवळ मोठ्या व्यासाचा.

दीड मीटरची, साडेसात सेंटिमीटर व्यासाची एकसंध नळी घेतली तर तिचा क्रिटिकल स्पीड सूत्राप्रमाणे ५,७०० आरपीएमच्या आसपास येतो. दहा सेंटिमीटर व्यासाची केली तर ७,५००. हे आदर्श आकडे. सांधे, टेकू, किंचित असमतोल यांमुळे प्रत्यक्षात तो खाली येतो, म्हणून शाफ्ट त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आत ठेवायचा असा साधारण दंडक आहे. आपल्या उदाहरणातल्या गाडीत १२० किलोमीटरच्या वेगाला शाफ्ट ३,८०० आरपीएमने फिरतो, २०० ला ६,३०० ने. वरच्या गिअरमध्ये गुणोत्तर एकच्या खाली असतं, त्यामुळे तिथे शाफ्ट इंजिनपेक्षाही जोरात पळत असतो. टॅकोमीटरवर २,५०० दिसतात आणि सीटखाली ३,८०० चालू असतात.

तीन-चतुर्थांशाचा दंडक लावला तर दहा सेंटिमीटरची एकसंध ॲल्युमिनियमची नळी आपल्या गाडीत सुमारे १७५ किलोमीटरच्या वेगापर्यंतच निर्धास्त. समृद्धीवर कारला मर्यादाच १२० ची आहे, त्यामुळे रोजच्या वापरात अडचण नाही. पण तीच गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर नेली, तर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर ती सहज दोनशेपार जाईल. म्हणजे ज्या ट्रॅकसाठी लोक हलका शाफ्ट घेतात, नेमका तिथेच तो कंपनीच्या दोन तुकड्यांपेक्षा कमी पडू शकतो. घेण्याआधी विक्रेत्याला 'किती किलो वाचतात' विचारण्याऐवजी 'या लांबीला किती आरपीएमपर्यंत चालतो' हे विचारा आणि तुमच्या डिफरन्शियलच्या गुणोत्तराशी ताडून पाहा. डिफरन्शियलमध्ये मोठं गुणोत्तर टाकलं असेल, समजा ३.७ चं ४.१, तर त्याच वेगाला शाफ्टचे आरपीएम अकरा टक्के वाढलेले असतात. हे बरेच जण विसरतात.

कार्बन फायबर इथे सरस ठरतं. वजनाच्या मानाने ते दोन्ही धातूंपेक्षा कितीतरी ताठ असतं, त्यामुळे लांब एकसंध नळीही वरच्या आरपीएमला शांत राहते. निसान ३५० झेड, माझदा आरएक्स-८, ॲस्टन मार्टिन यांनी ते कारखान्यातूनच दिलं. २०१३ च्या शेल्बी जीटी५०० मध्ये फोर्डने कार्बनचा एकसंध शाफ्ट घातला, कारण ६६२ हॉर्सपॉवरची ती गाडी ताशी ३२० किलोमीटरच्या घरात जाणार होती. २०१४ च्या बीएमडब्ल्यू एम३-एम४ मध्येही तो होता, मधल्या बेअरिंगशिवाय.

पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. बीएमडब्ल्यूने २०१७ च्या अखेरीस त्याच एम३-एम४ मधून कार्बनचा शाफ्ट काढला आणि परत स्टीलचा घातला. युरोपच्या प्रदूषण नियमांसाठी एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर बसवायचा होता आणि जाड कार्बनच्या नळीशेजारी त्याला जागा नव्हती. गाडी चालतच राहिली, विकली जातच राहिली. कार्बनचा शाफ्ट म्हणजेच त्या गाडीचा जीव असता, तर फिल्टरसाठी त्यांनी दुसरीकडे कुठेतरी जागा काढली असती.

सांधे, कोन आणि द्राक्षबागेतला ब्लोअर

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत औषध मारणाऱ्याला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातही ताकद पुढे नेणारा क्रॉसचा सांधा, समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओवरून (अवजारांना ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावरून) ब्लोअरला ताकद नेणारा शाफ्ट सरळ ओळीत गुमान फिरतो. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळवला की कोन वाढतो आणि शाफ्ट खडखडायला लागतो. म्हणून जाणता माणूस वळताना पीटीओ बंद करतो. ५४० आरपीएमला जे खडखड म्हणून ऐकू येतं, तेच स्पोर्ट्स कारच्या शाफ्टमध्ये सात पट वेगाने घडत असतं.

होतं असं की क्रॉसचा सांधा कोनात फिरताना एका बाजूचा वेग एकसारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा कमी-जास्त होत राहतो, एका फेऱ्यात दोनदा. दहा अंशांचा कोन असेल तर हा चढउतार दीड टक्क्यापर्यंत जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत बसवलेले असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील, तर एकाने केलेला गोंधळ दुसरा निस्तरतो. कंपनीने गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कोन त्याच हिशोबाने ठेवलेले असतात.

दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एकसंध बसवला की मधला सांधा जातो आणि सगळा कोन उरलेल्या दोन सांध्यांवर येतो. गाडी स्प्रिंग कापून खाली बसवलेली असेल, इंजिनचे माउंट बदललेले असतील, तर कोन आधीच बिघडलेले असतात. थार उंच करणाऱ्यांना हा अनुभव उलट बाजूने येतो. लिफ्ट किट बसवून आणल्यावर ठराविक वेगाला घरघर सुरू होते, मालक टायरला दोष देतो आणि टायरवाला सस्पेन्शनला. कोन कुणी मोजत नाही.

शिवाय काही गाड्यांत, खास करून जर्मन गाड्यांत, शाफ्टच्या टोकाला जाड रबरी कपलिंग असतं. क्लच सोडताना बसणारा झटका ते गिळतं. बाहेरचे शाफ्ट बऱ्याचदा ते काढून थेट धातूचा सांधा देतात. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की खालून 'टक्' असा आवाज येतो. काहींना तो आवडतो, गाडी 'कडक' झाल्यासारखी वाटते. द्वारका चौकातून रोज जाणाऱ्याला दोन महिन्यांत नकोसा होतो.

मग शाफ्ट बदलायचा कुणी?

ज्याचा मूळ शाफ्ट मरायला टेकलाय त्याने. हे सगळ्यात प्रामाणिक कारण. वयाने दहा वर्षांच्या पुढे गेलेल्या गाड्यांत मधल्या बेअरिंगचं रबर फाटतं. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये अशी एक गाडी लिफ्टवर पाहिली. चालक दोनदा व्हील बॅलन्सिंग करून आला होता, तरी शंभरच्या पुढे सीटखाली गुणगुण. मेकॅनिकने शाफ्ट मधल्या बेअरिंगजवळ धरून वर-खाली ढकलला, तर बोटभर हलत होता. रबराला गोल चीर गेलेली, आणि नळीवर कारखान्यात डकवलेल्या बॅलन्सच्या छोट्या पट्ट्यांपैकी एकीच्या जागी नुसता वेल्डचा ठिपका उरलेला.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर थरथरीची जात पाहा. १२० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण १७ फेरे मारतं, शाफ्ट ६३. चाकाचा दोष स्टिअरिंग हलताना दिसतो, हात थरथरतात. शाफ्टचा दोष दिसत नाही, तो सीटमधून आणि फ्लोअरमधून घुमल्यासारखा जाणवतो. त्याच वेगाला गिअर बदलून इंजिनचे आरपीएम खाली-वर केले आणि घुमणं तसंच राहिलं, तर इंजिन सुटलं, शोध गिअरबॉक्सच्या मागे घ्यायचा.

पुष्कळ गाड्यांत कंपनी मधलं बेअरिंग किंवा क्रॉस सुटा देत नाही, अख्खा शाफ्टच घ्यायला सांगते. कंपनीच्या नव्या शाफ्टची किंमत ऐकल्यावर बाहेरचा ॲल्युमिनियमचा महाग वाटेनासा होतो, आणि इथे तो घेण्यात मला काहीच गैर दिसत नाही. मात्र त्याआधी स्थानिक पर्याय तपासा. ट्रक-बसचे शाफ्ट दुरुस्त करणारे चांगले कारागीर क्रॉस बदलून, नळी सरळ करून, मशिनवर बॅलन्स करून देतात, अगदी थोड्या पैशांत. फक्त कारचा शाफ्ट ते त्यांच्या मशिनवर किती आरपीएमला बॅलन्स करतात हे विचारा. ट्रकच्या वेगापुरता केलेला बॅलन्स कारला पुरत नाही.

दुसरा गिऱ्हाईक म्हणजे ज्याने इंजिनची ताकद खूप वाढवली आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर घालून टॉर्क दीडपट केला आणि चिकट टायरवर ड्रॅग रेसची (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीची) सुरुवात करायची, तर कंपनीचे क्रॉस तुटू शकतात. त्याने मजबूत शाफ्ट घ्यावाच. हलका असेल तर उत्तम, पण मागणी मजबुतीची. अशा गाडीला शाफ्टच्या पुढच्या टोकाजवळ लोखंडी लूपही हवा. पुढचा सांधा तुटला आणि नळी रस्त्यात रुतली तर चालत्या गाडीचं मागचं अंग उचललं जाऊ शकतं. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या नियमांत वेगवान गाड्यांना हा लूप उगाच सक्तीचा केलेला नाही. कार्बनची नळी तुटताना चिंध्या होऊन तुटते, धातूसारखी दांडक्याने झोडपत नाही, हा तिचा एक खरा फायदा. तोटा असा की दगड लागून आतले थर सुटले तर वरून कळत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर, कसारा घाटाच्या पावसाळ्यात, मला तो जुगार वाटतो.

बाकीच्यांनी तेच पैसे आधी चांगल्या टायरवर, मग हलक्या व्हीलवर घालावेत. प्रत्येक व्हील दोन किलोने हलकं झालं तर गाडीला अकरा-बारा किलोंचा फायदा होतो, म्हणजे शाफ्टपेक्षा जास्त, आणि वर सस्पेन्शनचं काम सोपं होतं, ब्रेकिंग सुधारतं. त्यातूनही पैसे उरले तर ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कडकपणे उचलून धरली. आरटीओचा माणूस शाफ्ट पाहायला गाडीखाली झोपणार नाही, हे खरं. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर झोपतो. वॉरंटीतली गाडी असेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा दावा हातचा गेला असं समजूनच चाला.

बसवायचाच ठरला तर चार गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. जुना शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (जोडणीच्या चकत्यांवर) रंगाच्या खुणा करायला लावा. नवीन बसल्यावर नळी आणि एक्झॉस्टच्या हीट शील्डमध्ये सगळीकडे बोट जातंय का पाहा, कारण जाड नळी हँडब्रेकच्या केबलला घासण्याचे प्रकार होतात. बोल्ट नवे वापरायला लावा आणि टॉर्क रेंचने आवळून घ्या, दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मग समृद्धीवर एक फेरी मारा, ८० पासून १२० पर्यंत सावकाश चढत, म्युझिक बंद ठेवून. कुठे घुमलं तर तो वेग लिहून ठेवा. मेकॅनिकला 'थोडं व्हायब्रेशन आहे' सांगण्यापेक्षा '१०५ ला सुरू होतं, ११५ ला जातं' हे सांगितलं तर त्याचं निम्मं काम होतं.

आणि जुना शाफ्ट भंगारात देऊ नका. त्यावर खूण केलेली तशीच ठेवून, सांध्यांना ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून आडवा ठेवा. या गाड्या शेवटी पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकल्या जातात, आणि त्यातले निम्मे पहिलाच प्रश्न विचारतात: कंपनीचा ओरिजिनल पार्ट आहे का?